सत्तेचाळीस नंबरचा घुसखोर

३ नोव्हेंबर, सोमवार
दत्ताशेठनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सहदेव, आजपासून ऑफिसचं नेटवर्क तू बघ. बाकी कोणाला वेळ नाही, असंही म्हणाले. पण ते मला उगाच चढायला नको म्हणून. आमचा धंदा रसायनीच्या कारखान्यांना प्लास्टिकचे ड्रम पुरवायचा. तरी शेठना कळलेलं दिसतं, की आता सगळं डेटावर चालतं.
संकल्प: डेटाबेस. खालापूरच्या या शेडमधलं प्रत्येक यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, वजनकाटा, कोणाच्या ताब्यात आहे आणि नेटवर्कवर त्याचा पत्ता कितवा, सगळं एका जागी. शुक्रवारपर्यंत पूर्ण.
घरी येताना बाईकवर रूपेशला सगळं समजावलं. रूपेश आमच्या अकाउंट्सला आहे. राहतो कोंडाण्याला, मला रोज कर्जतच्या चारफाट्यावरून घेतो आणि सोडतो. तोही मध्येच काहीतरी सांगत होता. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
डेटाबेस जोरात. सोनालीला लॅपटॉपवर दाखवला. म्हणाली, आपला मिक्सर पण टाका त्यात, दुरुस्तीला देऊन महिना झाला, कुठे आहे ते तरी कळेल. बायकोला दाखवणं बंद.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पूर्ण झाला नाही. कारण गंभीर आहे. सत्तेचाळीस नंबरच्या पत्त्यावर एक यंत्र दिसतंय. नाव नाही, मालक नाही. सगळी शेड पालथी घातली, सापडत नाही. सकाळी येतं, संध्याकाळी जातं. लंच टाइमलाही चालू.
दुपारी बातमी: मोहोपाड्याची मोठी ऑर्डर दुसऱ्या पार्टीने नेली. आपल्यापेक्षा जरासाच कमी भाव लावून. जरासाच! शेठ म्हणाले, नशीब. मी सत्तेचाळीसकडे बघत राहिलो.

८ नोव्हेंबर, शनिवार
आधी विनितावर पाळत. ती फ्रंट ऑफिसला असते आणि फोनवर फार हळू बोलते. कान देऊन ऐकलं. मुलीला, रियाला, ताप आहे. तात्पुरतं सोडून दिलं.
संध्याकाळी स्क्रीनसमोर बसून राहिलो. रूपेश उठला, ड्रॉवरमध्ये हात घातला, कुलूप लावलं. सत्तेचाळीस गायब.
रूपेश!
त्याच्याच बाईकवरून घरी आलो. रस्ताभर गप्प. त्याने विचारलं, बरं नाय का रं? म्हटलं, डोकं दुखतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार
रूपेश दर थोड्या वेळाने ड्रॉवर अर्धा उघडतो, आत बघतो, कधी स्वतःशी हसतो, बंद करतो. मी सहज टेबलाजवळ गेलो. म्हणाला, काय रं, चहा घेणार? इतका साधा आवाज अट्टल माणसालाच जमतो.
दुपारी सत्तेचाळीसचं कनेक्शन तोडलं. थोड्याच वेळात काट्यावरचा नागू धावत आला. काटा बंद पडला, भायेर गाड्यांची लाइन लागली हाय, डायवर शिव्या देतात. चुकून एकेचाळीस तोडला गेला होता. इंग्रजीतले एक आणि सात मुळात इतके सारखे काढायलाच नकोत. नागूला सांगितलं, सिक्युरिटी टेस्ट होती, पास झालो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी अकरा. सत्तेचाळीस तोडला. यावेळी चष्मा लावून.
साडेअकरा. रूपेश ड्रॉवर उघडतोय, मिटतोय, परत उघडतोय. घाम आलाय. मला विचारलं, नेट गेलंय का रं? म्हटलं, माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.
बारा. फोन घेऊन गेटबाहेर रेंज शोधत फिरतोय. मग कोणाला न सांगता बाईक काढून गेला. मोहोपाड्याला, त्या दुसऱ्या पार्टीला भेटायला! दुसरं कुठे?
तडक शेठकडे गेलो, सगळे प्रिंटआउट घेऊन. शेठनी हातात पण घेतले नाहीत. म्हणाले, अरे, तो त्याचा टॅब. आई घरात एकटी असते, तब्येत बरी नसते, म्हणून कोंडाण्याला कॅमेरा बसवलाय. शेडमध्ये रेंज नाही, तर मीच म्हटलं, ऑफिसचं वायफाय वापर.
हे मला लेखी कळवायला हवं होतं. विनिता म्हणाली, रूपेशने तुम्हाला सांगितलं होतं की, बाईकवर.
सत्तेचाळीस परत जोडला. गडबडीत ड्रॉवर उघडाच राहिला होता. टॅबवर चित्र आलं. एक रिकामी खाट. दाराशी चारपाच बायका, सगळ्या खाली वाकून काहीतरी उचलत होत्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रूपेश आला नाही. आई दाराशी पडली. जना म्हणून शेजारीण आहे, ती मीठ मागायला आली तेव्हा तिला दिसली. मनगट मोडलंय. मी विचारलं, किती वाजता पडल्या? विनिता म्हणाली, अकराच्या सुमारास.
कॅमेऱ्याने पडणं थांबलं नसतं. हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली.
सोनालीलाही समजावलं. तिने जेवायला वाढलं आणि आत गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार
कोंडाण्याला जाऊन आलो. खुलासा करायचाच होता. मुद्दे पाठ केले होते, क्रमाने.
रूपेश दारात उभा होता. ये, म्हणाला नाही. नको, पण म्हणाला नाही. आत त्याची आई, धोंडूबाई, खाटेवर बसलेल्या, हात प्लास्टरमध्ये. मी नाव सांगितलं तर एकदम हसल्या. म्हणाल्या, तूच का रं तो सहदेव? रूपेश सारखा सांगतो, आमच्या हापिसात कंप्युटरचा एक माणूस हाय, लई हुशार, त्याच्यामुळं तू मला तिथं बसून दिसतीस. बस, बस. तुमी पोरं हायत म्हणून मला भ्या वाटत नाय.
मी रूपेशकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता.
म्हातारी एका हाताने उठायला लागली, चहा टाकायला. रूपेश पुढे झाला, त्याने टाकला. कप माझ्यासमोर ठेवला. मी प्यायलो. धोंडूबाईंनी विचारलं, साखर बरोबर हाय ना? म्हटलं, हो.
खुलासा राहून गेला.
निघताना तो चल, सोडतो म्हणाला नाही. मीही थांबलो नाही. कर्जतपर्यंत चालत आलो.