डाव्या पानावरची बाई

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, सगळं एकाच आठवड्यात. तरी मी खुशीत आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. टिल्लीने सगळ्या खोल्यांतून पळत जाऊन प्रत्येक भिंतीला हात लावला आणि घर पास झाल्याचं जाहीर केलं. ती चार वर्षांची आहे. तिच्यासाठी पाळणाघर दोन गल्ल्या सोडून मिळालं.

नवऱ्याला आणि मला एकाच कारखान्यात घेतलं. तिथे दाबमापकं बनतात. तो विक्री विभागात, मी तपासणीच्या बंद खोलीत. नवं मापक प्रमाण मापकाशेजारी जोडायचं, दोघांवर एकच दाब द्यायचा आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. नाही जुळले तर नवं खोटं. मला हे काम आवडतं. यात कुणाचं मन राखावं लागत नाही.

एचआरच्या मॅडमनी आम्हा दोघांना स्वागताच्या पिशव्या दिल्या. नवऱ्याच्या पिशवीत पाण्याची बाटली निघाली, माझ्या पिशवीत करड्या कापडी बांधणीचा प्लॅनर. त्याला का नाही, असं मी विचारलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, त्यांना कशाला, हा खास आयांसाठी असतो. माझी दोन मुलं याच्यावरच वाढली, कधी मोठी झाली कळलंसुद्धा नाही.

डाव्या पानावर दिवसाचे तास, उजवं पान कोरं. कोरं पान वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून ही रोजनिशी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डावं पान भरायला बसले. टिल्लीचं इंजेक्शन, पाळणाघराची फी, सासूबाईंना फोन, गादीचं कव्हर, बुटांचं माप, घरमालकांकडे नळाची तक्रार. नवऱ्याने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, वा, घर अगदी रुळावर आलं की.

त्याच्या वाट्याला एकच काम होतं, कचरा बाहेर ठेवणं. संध्याकाळी त्याने मला विचारलं की तो कधी ठेवायचा असतो.

मी सांगितलं. भांडले नाही. आठवडा चांगला चाललाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज आमच्या तपासणी खोलीचं ऑडिट होतं. मापकांच्या आकड्यांचं वाचन चालू असताना खोलीचं दार उघडत नाहीत आणि मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. संध्याकाळी पाचचं टिल्लीचं इंजेक्शन चुकलं. सहाला पाळणाघर बंद होतं, तेही चुकलं. बाहेर पडले तेव्हा अंधार झाला होता. धावत घरी आले. वाटेत स्वतःला जे जे बोलता येईल ते बोलून घेतलं.

टिल्ली सोफ्यावर मजेत बसली होती. दंडावर कापूस आणि चिकटपट्टी. मला नवऱ्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी त्याला मिठीच मारली आणि म्हटलं, नेलंस बाई एकदाचं. तो गोंधळून म्हणाला, अगं, थट्टा करतेस का, तूच नाही का घेऊन आलीस, आणि तापाचं औषध कुठे आहे तेही सांगून गेलीस.

डाव्या पानावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. माझ्याच निळ्या शाईची.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दवाखान्यात फोन केला. फॉर्मवर माझी सही आहे. पाळणाघरच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, असं काय करताय टिल्लीची आई, तुम्हीच की आलात, आणि किती हसत होतात. ‘हसत’वर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.

कारखान्याच्या फाटकावरची नोंद सांगते की मी अंधार पडेपर्यंत आत होते. दोन मापकं, दोन आकडे. एक खोटं आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल चाचणी घेतली. कुणालाही नको असलेलं काम डाव्या पानावर लिहिलं: तीन पिवळी बटणं आणणे. दिवसभर बंद खोलीतून हलले नाही. घरी आले तर टेबलावर तीन पिवळी बटणं.

आज तेच परत लिहिलं, पण जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन आणली. जास्तीची आली नाहीत. म्हणजे नियम सोपा आहे. मी केलं तर मीच. मी पोहोचले नाही तर ते होतं.

कशाने होतं, हा प्रश्न मी चार दिवस पुढे ढकलला. खरं लिहायचं तर भीती वाटली नाही. कित्येक महिन्यांनी मी पाय वर घेऊन गरम चहा प्यायले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नवरा म्हणाला, हल्ली किती छान राहतेस, वसकन अंगावर येत नाहीस. मग त्याने कौतुकाच्या गोष्टी सांगितल्या. त्याच्या शर्टाला लावलेलं बटण. त्याच्या साहेबांच्या बायकोशी मारलेल्या गप्पा. टिल्लीच्या बुटांचा रंग. यातली एकही मी केलेली नाही.

सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, काल कशी मन मोकळं करून बोललीस, इतकी वर्षं कुठे होती ही सून. काल मी त्यांच्याशी बोललेच नव्हते.

मला राग आला. लग्नाला सहा वर्षं झाली आणि दोघांनाही हवी ती बाई आत्ता मिळाली. ती मी नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कँटीनमध्ये एचआरच्या मॅडमना गाठलं आणि प्लॅनरबद्दल सरळ विचारलं. त्यांनी कॉफीत आणखी साखर घातली. म्हणाल्या, सुरुवातीला जड जातं, मग बरं वाटतं. मी विचारलं, तुमचा धाकटा कसा आहे स्वभावाने? त्यांनी आठवून पाहिलं. मग म्हणाल्या की घरी विचारून सांगते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज न सांगता लवकर घरी आले. दार अर्धवट उघडं होतं. जिन्यातूनच दिसली. ओट्याशी पाठमोरी, माझा निळा स्वेटर घालून सफरचंद चिरत होती. मान थोडी डावीकडे, माझी असते तशी. मग वळली. माझ्या भुवयांच्या मधे एक उभी आठी आहे, लग्नाच्या फोटोतही दिसते. तिला ती नाही.

टिल्लीने मला पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. आणि तिच्या स्वेटरचं टोक धरलं.

मी खाली जाऊन गाड्यांमधे उभी राहिले. परत वर आले तर फक्त टिल्ली, सफरचंदाच्या फोडी, आणि सोफ्यावर नुकताच आलेला नवरा. जेवताना टिल्लीने विचारलं, रागावणारी आई आज राहणार आहे का? नवरा घास अडकेपर्यंत हसला.

मी हसले नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

पाच दिवस डावं पान कोरं ठेवलंय. ती आलेली नाही. सगळं मी करते आणि निम्मं राहतं. नवरा म्हणतो, काय झालंय तुला, मधे चांगली होतीस.

आज टिल्लीचं डोकं धुतलं. दर रविवारी धुते, हे काम मी कधीच लिहिलं नव्हतं. ती किंचाळते, लाथा झाडते, डोळ्यांत फेस गेला म्हणून मला वाईट आई म्हणते. मीही ओरडते. दोघी चिंब होतो. मग टॉवेलात गुंडाळली की ओलं डोकं माझ्या मानेत खुपसून बसते, अर्धा अर्धा तास.

हे मी कुणाला देणार नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

नवऱ्याला सगळं सांगितलं, बटणांपासून. तो म्हणाला, अशी बाई फुकटात मिळत असेल तर दोन घे. मी म्हटलं, मला विनोद नकोय, निम्मं काम हवंय. प्लॅनर त्याच्यासमोर आपटला आणि म्हटलं, आता तू लिही, या घरात काय काय करावं लागतं ते तुझ्या हाताने लिही.

त्याने माझा चेहरा पाहिला. जरा वरमला. शनिवारी बसून नीट लिहितो म्हणाला. मला बरं वाटलं.

शनिवार, ६ डिसेंबर

त्याने लिहिलं. सबंध दुपार बसून, पट्टी घेऊन, काळ्या शाईत. वर्षअखेरपर्यंत. पहाटेपासून झोपेपर्यंत एकही ओळ रिकामी नाही.

सगळी कामं माझी आहेत. त्याचं नाव कुठेच नाही. मी विचारलं तर म्हणाला, तुझाच प्लॅनर ना, मग नाव कशाला लिहायचं. मदत म्हणून केलं, आणि वर आता तोंड वाकडं.

मला वाटत होतं, त्याला माहीत नाही. त्याला सगळं माहीत आहे. माझ्या आईला फोन, टिल्लीची नखं, उशांचे अभ्रे, त्याच्या बहिणीच्या मुलाचा वाढदिवस. एकूण एक माहीत आहे. सहा वर्षं तो हे सगळं माहीत असताना सोफ्यावर बसला होता.

रविवार, सकाळी नऊ: टिल्लीचं डोकं धुणे.

ती ओळ खोडली. मग सगळ्याच खोडल्या, कागद फाटेपर्यंत. संध्याकाळी पाहिलं तर आजच्या खोडलेल्या ओळींपुढे खुणा होत्या. प्लॅनर कचऱ्यात टाकला. नवऱ्याने काढून, पुसून परत टेबलावर ठेवला. म्हणाला, माझी दुपार गेलीय यात.

एकच उपाय आहे. उद्या नऊच्या आधी मी स्वतः बसायचं तिला घेऊन. मी केलं तर मीच.

रविवार, ७ डिसेंबर

साडेआठ. बादली भरली. टिल्ली कपडे काढून तयार. रडायला सुरुवात झालीय. छान.

—

टॉवेल आणायला बाल्कनीत गेले. फक्त टॉवेल. परत आले तर बाथरूमच्या दाराला आतून कडी.

नवऱ्याला हाक मारली. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, कशाला मधे मधे करतेस, आज कशी शांत आहे पोर. मी म्हटलं, आत कोण आहे ते बघ. म्हणाला, तू आहेस की.

पाहिलंही नाही. एकदा मान वर करून —

—

दारापाशी बसून लिहितेय. वाचन नोंदवायचं, हात थांबवायचा नाही, दुसरं काही सुचत —

पाणी ओतल्याचा आवाज. किंचाळी नाही. टिल्ली हसतेय. डोकं धुताना ती कधीच —

दार ठोठावलं. दोन्ही मुठींनी. खांद्याने. नवरा म्हणतोय, शेजारी काय म्हणतील.

—

टिल्लीने हाक मारली. आई. मी ओ दिली. आतूनही ओ आली. एकाच वेळी. माझाच आवाज, फक्त न चिडलेला.

टिल्ली गप्प झाली. मी दाराला कान लावून म्हटलं, टिल्ले, मी इकडे आहे, बाहेर, कडी काढ, मी रागावणार नाही. रागावणार नाही म्हणताना सुद्धा मी ओरडतच —

पाणी थांबलं. टिल्लीने विचारलं, बाहेर कोण आहे?

ती म्हणाली, बाहेर कुणी