शेटजींच्या नावची पाणपोई

आई, तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. इथे कल्याणला आज असं ऊन आहे की शाळेच्या ओसरीवर बसवत नाही. मुली माठाभोवती भांडताहेत, आणि मला तुझे ठाण्याचे रांजण आठवताहेत.

आपण ख्रिस्ती झालो त्या दिवसापासून आपल्या हातचं पाणी कोण पिणार होतं? तरी पहिल्या उन्हाळ्यात तू दारासमोर पाणपोई घातलीस आणि स्वतः ओगराळं घेऊन बसलीस. गाडीवान पाण्याकडे बघत, तुझ्याकडे बघत, आणि कोरड्या तोंडाने पुढे जात. दुसऱ्या वर्षी तू युक्ती केलीस. मिठागरावर राबणारी एक बाई होती, नात्याची नव्हे, पण आपण तिला काकी म्हणायचो; तिला खाडीच्या वाटेवर पिंपळाखाली बसवलंस. पाणी तिच्या गावच्या विहिरीचं, ओतणारी तीच. खर्च तेवढा तुझा, आणि रांजणांना तू बोटही लावायचं नाही. ही कोणा शेटजींची पाणपोई, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. तू ते खोडलं नाहीस. मला मात्र मिरच्या झोंबत. तू म्हणायचीस, "अगं, तहानलेल्याला पाणी मिळालं ना? रांजण कोणाचे ते प्रभूला ठाऊक आहे."

प्रभूला ठाऊक असणं मला पुरत नव्हतं. चौदा वर्षांची होते मी, आणि तुझ्यापेक्षा जास्त ख्रिस्ती होते. एका दुपारी मी पिंपळाखाली उभी असताना शीळकडून आलेला एक म्हातारा गाडीवान पोटभर पाणी प्यायला आणि काकीला म्हणाला, "शेटजींचं भलं होवो. नायतर ते बाटलेले! कधी कुणाला थेंब पाजला नाय." मला राहवेना. मी म्हटलं, "हे पाणी माझ्या आईचंच आहे. आम्हीच ते बाटलेले."

तो घशात बोटं घालून ओकला. दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली खापरं पडली होती, आणि काकीला तिच्या गावाने वाळीत टाकलं होतं. सगळ्या वाटसरूंना पाणी पाजणाऱ्या बाईला गावची विहीर बंद झाली.

तुला वाटलं, तीच कुठेतरी बोलून गेली असणार. करून गेला गाव आणि नाव भलत्याचंच! मी मूग गिळून बसले. संध्याकाळच्या प्रार्थनेत तू तिच्या जिभेसाठी प्रार्थना केलीस, आणि मी आमेन म्हटलं. मग तिला क्षमा केल्याचं सांगायला तू मला घेऊन तिच्या झोपडीत गेलीस. ती माझ्याकडे एकदाच बघते. मग तुझ्याकडे वळून म्हणते, "चुकला बाय माजा. जीब घसरली."

वाटेत तू म्हणालीस, "बघ, कबूल केलं तिने. मन हलकं झालं असेल बिचारीचं." त्यानंतर तू रोज आपल्या विहिरीचा हंडा तिला नेऊन देत होतीस. तुझ्या हातचं पाणी तीही पिऊ लागली होती, कारण बाटायचं असं तिचं काही उरलंच नव्हतं. तू त्या क्षमेच्या समाधानातच गेलीस.

आता मी मुलींना शिकवते की उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, आणि दाखला तुझा देते. काकीचा द्यायला हवा. तू पाणी दिलंस; तिचं माझ्यापायी गाव गेलं, आणि वर माझा दोषही तिने आपल्या नावावर घेतला, तेही मी न मागता. मला स्वतःची शरम वाटते, आई, फार वाटते.

काकी अजून आहे. तिला वाचता येत नाही, म्हणजे हे तिच्यासमोर बसून, तोंडानेच सांगायला हवं. तुला लिहायला मला धीर होतो, कारण तू काही विचारणार नाहीस. गेल्या महिन्यात मी आगगाडीने ठाण्याला गेले होते. तिची झोपडी दिसेपर्यंत चालत गेले, ती दारात तांदूळ निवडत बसलेलीही दिसली. मग परतीच्या गाडीची वेळ झाली असं म्हणत मी मागे फिरले. गाडीला अजून दोन तास होते.