डब्याचा पोचा

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांना जाऊन पुरते तीन महिने झाले नाहीत, गाडी माझ्या शेडमध्ये आत्ता कुठे स्थिरावतेय, आणि तू तिला गिऱ्हाईक शोधूनही मोकळा! जुन्या गाड्या जमवणारे ते गृहस्थ वीस तारखेला येणार, त्याआधी तडकलेला डॅशबोर्ड काढून नवा बसवून ठेव, असं लिहितोस. अरे, गाडी दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय ती शेडबाहेर पडायची नाही.

डॅशबोर्ड बदलणार नाही. दुरुस्त करणार, तोही मीच. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला हसला. म्हणाला की ही काही पुस्तकाची पाठ नाही, चिकटवली आणि झालं. मी त्याला सांगितलं की चाळीस वर्षं मी बाइंडिंग करतेय, आणि लोकांनी आशा सोडलेलं तेवढंच माझ्या टेबलावर येतं. मग त्यानं नट-बोल्ट सोडवायचे पाने उसने दिले.

शिवाय तो डॅशबोर्ड फोडला कुणी? मी! हे घरात कुणी विसरलंय का? एकोणीस वर्षांची होते, बाबा शेजारी बसून शिकवत होते. मी ब्रेक दाबला तो असा, की मागच्या सीटवरचा माझा बाइंडिंगच्या सरसाचा डबा उडून डॅशबोर्डवर आदळला. तेव्हा नुसता पोचा आला होता. महिन्याभरानं ही लांब भेग दिसली आणि बाबांनी किल्ली काढून घेतली, ती कायमची. ज्या हाताला डबा सांभाळता येत नाही त्या हातात चाक द्यायचं नाही, म्हणाले. पुढच्या वर्षी तुला शिकवलं. मी आजतागायत मागच्या सीटवर.

तर मी फोडला ना, मग मीच सांधणार. वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. तुझ्यावर लोभ आहे, पण त्याच्या जोरावर सही मागू नकोस.

तुझी,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कसलं, नोटीसच! पोस्टमननं ती माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी खुर्ची शोधली. हिचा गुडघा बरा आहे. ही म्हणते की ताईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीला काही होत नाही.

तरी लहान तोंडी मोठा घास घेतो. तो डॅशबोर्ड तू उघडू नकोस. आत तारांचं जाळं आहे, सगळं जीर्ण झालंय, एक ओढायला जाशील तर दहा तुटतील. शनिवारी मी येतो, जुना काढून नवा बसवतो आणि जुना जाताना घेऊन जातो. तुला त्याच्याकडे बघायलाही नको. बाबांच्या बोलण्याचं इतक्या वर्षांनी काय घेऊन बसलीस? भेग कुणामुळे पडली याला आता काय अर्थ आहे?

ऐक माझं एवढं. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

शनिवारी येऊ नकोस. डॅशबोर्ड उघडला आहे.

तारांची भीती मला घालू नकोस. पुस्तक उसवताना आम्ही पानांच्या प्रत्येक जुडीवर आकडा घालतो, तसा प्रत्येक तारेला कागदाचा कपटा बांधला. एकही तुटली नाही. सगळा सांगाडा सोडवून टेबलावर पालथा घातला तेव्हा गॅरेजवाला बघायला आला, आणि या वेळी हसला नाही.

भेग भरायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं असतं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. म्हणून भिंग घेऊन टोकं शोधत बसले. एक टोक उजवीकडे काचेपाशी विरून जातं. दुसरं टोक, म्हणजे ती सुरू होते ती जागा, डावीकडे खाली आहे. तिथे पत्र्यातून वर आलेला एक स्क्रू सापडला. गंजलेला. आजूबाजूचे सगळे स्क्रू अर्ध्या इंचाचे, हा चांगला इंचभर. पत्रा आणि फोम पार करून त्यानं वरच्या आवरणाला आतून टोचलं होतं. पुढचं काम उन्हानं केलं.

माझ्या डब्याचा पोचा त्या जागेपासून वीतभर लांब आहे. त्याचा आणि भेगेचा काडीचा संबंध नाही. मी तीन वेळा मोजलं. मग शेडमध्ये खाली बसले आणि रडले, हे तुला कळायलाच हवं.

मी काही विचारत नाही. स्क्रू पाकिटात घातला आहे. ज्याचा असेल त्यानं ठेवून घ्यावा.

ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्क्रू माझा.

सोळा वर्षांचा होतो. बाबा आठवडाभर बाहेरगावी गेले होते. मित्राकडून जुना रेडिओ आणला आणि डॅशबोर्डखाली चोरून बसवायला गेलो. हाताला लागला तो स्क्रू पिळला. वर पुटकुळीसारखं काहीतरी आलं, तेव्हा घाबरून रेडिओ काढला. स्क्रू निघेना, तो तसाच सोडला. पुढे भेग दिसली आणि बाबा तुझ्यावर ओरडले तेव्हा मी शेजारीच जेवत होतो. मान वर केली नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. मग बाबांनी मला गाडी शिकवायला घेतली, आणि तोंडाला कुलूपच लागलं.

नवा डॅशबोर्ड बसवायची घाई कशाची होती ते तुला कळलंच असेल. उद्या येणाऱ्या गृहस्थांना गाडी विकायची नाही म्हणून आजच कळवलं. गाडी तुझी. तू म्हणशील तेव्हा येईन, म्हणशील तिथे तुला गाडीतून नेईन. माफी कोणत्या तोंडानं मागू?

तुझा,
धाकटा

ता. २ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी चार पत्रं आली, उत्तर दिलं नाही. राग होता. अजून आहे. चाळीस वर्षं मी स्वतःला धांदरट समजत आले. बाबा तेच मनात धरून गेले, आणि आता त्यांना सांगायला कुणी जाऊ शकत नाही. हे मी तुला सहजासहजी माफ करणार नाही. म्हातारपणी हळूहळू करीन, तोवर वाट बघ.

डॅशबोर्ड झाला. भेग कापून रुंद केली, भरली, आठ दिवस घासली, वर नवं रेक्झिन चढवलं. कोपरे पुस्तकाच्या कोपऱ्यांसारखेच हाडाच्या पट्टीनं दाबले. आता भिंग लावलंस तरी तुझी भेग सापडायची नाही. डब्याचा पोचा मात्र भरला नाही. गॅरेजवाला म्हणाला, राहिलाच आहे तर तोही भरून टाका. मी नाही म्हटलं. तेवढा माझा आहे, आणि तेवढाच माझा आहे.

मला कुठे नेण्याची तसदी तू घेऊ नकोस. फेब्रुवारीपासून रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलला जात होते. शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची, पण बाबांपेक्षा कमी ओरडते. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या परीक्षेत पास. काल लायसन्स आलं.

रविवारी सकाळी दहाला फाटकाशी उभा राहा. वहिनीला पुढे बसवणार आहे, तिचा गुडघा दुखतो. तू मागच्या सीटवर बसायचंस. सरसाचा डबा तिथेच असेल, तो मांडीवर नीट धरून ठेव. मी ब्रेक अजून जोरात दाबते.

तुझी,
ताई