बाईसाहेब कपाटावरून उतरत नाहीत

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. (एक्कावन्नाव्या वर्षीही तुला चिरंजीव लिहावं लागतं, कारण अकलेच्या बाबतीत तू अजून रांगतोयस.) तुझी तब्येत उत्तम असणार. जो माणूस बहिणीला न कळवता लग्न उरकतो आणि मग मांजराच्या टोपलीत चार ओळींची चिठ्ठी घालून ती बातमी पाठवतो, त्याला साधी सर्दीसुद्धा होत नसणार. माझं विचारशील तर गुडघे जागेवर आहेत, डोळे सुईत दोरा ओवण्यापुरते चालतात, फक्त गेल्या बुधवारी वासलेलं तोंड अजून पुरतं मिटलेलं नाही.

तुझ्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर टोपली माझ्या कापायच्या टेबलावर ठेवून गेला. मला वाटलं, भावाला बहिणीची आठवण झाली, फळं पाठवली. झाकण सरकवलं तर फळ उडालं! माझ्या खांद्यावरून मशीनवर, मशीनवरून पडद्यावर, आणि पडद्यावर ते लटकून राहिलं. मग मी चिठ्ठी वाचली. ‘ताई, हे पिल्लू हिचं आहे. पुढच्या महिन्यात बदली होऊन घरी येतोय, आम्ही दोघं. रागावू नकोस. तोवर निदान पिल्लाची तरी सवय होऊ दे.’ मी स्टुलावर बसले आणि किंचाळले. (स्टुलावर टाचण्यांची उशी होती. नुसत्या बातमीनं किंचाळणाऱ्यांतली मी नव्हे.) तिथं वर्षभर राहून तू जमिनी मोजत होतास की आणखी काय करत होतास, हे विचारायचा मला अधिकार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं हे ऐकलं होतं, भाऊ डोळे मिटून लग्न करतो हे बघायचं राहिलं होतं, तेही झालं. असो. त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त मांजरांबद्दल आहे.

तर बाईसाहेब. अकरा वर्षं या घरात त्यांचा शब्द चालतोय. खिडकीजवळची उन्हाची खुर्ची त्यांची, गिऱ्हाईक उभं राहील पण त्या उठणार नाहीत. कुणी लाडानं हात पुढे केला की त्या अशा बघतात की हात आपोआप खिशात जातो. (मागे एकदा तू म्हणाला होतास, ‘ताई, ही अगदी तुझ्यावर गेलीय.’ मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. बाईसाहेबही बोलल्या नव्हत्या.) आणि हे तुझं पिल्लू! त्याला नाव मी ठेवणार नाही, ज्यांचं आहे त्यांनी ठेवावं. सोयीपुरतं मी बॉबिन म्हणते, कारण मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी ती दिवसभर गरगर फिरते आणि जिथं जाईल तिथं दोरा गुंतवते.

मला वाटलं, ओळख एकदाच काय ती करून टाकावी, म्हणजे रोजची कटकट नको. म्हणून मी बॉबिनला उचललं आणि थेट खुर्चीसमोर ठेवलं. बाईसाहेबांनी पाठीची कमान केली, अशा फिसकारल्या की मीच दोन पावलं मागे सरले. बॉबिनला लहानमोठं काही कळतच नाही. तिनं मान वाकडी करून हे सगळं कौतुकानं पाहिलं, मागच्या बाजूला गेली आणि बाईसाहेबांच्या शेपटीला लोंबकळली. अरे, शेपटीला! ज्या शेपटीला मी अकरा वर्षांत बोट लावलेलं नाही! बाईसाहेब (संधिवात, एका डोळ्यात मोतीबिंदू, वजन साडेपाच किलो) एका उडीत मशीनवर आणि दुसऱ्या उडीत कपड्यांच्या कपाटावर. तिथं त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या त्या बसल्याच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण एक तलवार कपाटावर चढून बसेल हे ठाऊक नव्हतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला, बाईसाहेबांनी दाण्याला तोंड लावलं नाही. मी मासळी उकडून दिली, तिकडे पाठ. मी घाबरले, ठोंब्या. दिवसभर टाके चुकत होते. या घरात मशीनखेरीज आवाज आहे तो त्यांचाच, आणि तो बंद झाला होता. (माझंही जेवण त्या दोन दिवसांत यथातथाच होतं. मी कपाटावर चढले नाही एवढंच.) शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पोरसवदा आहे, पण मला असं झापलं की आईची आठवण झाली. म्हणाली, ‘काकू, नवीन आलेलीला अशी एकदम समोर आणून आदळतात का? जुनीचं घर आहे ते, तिला विचारायला नको?’ (हे वाक्य तू दोनदा वाच.) मग तिनं कागदावर सगळं लिहून दिलं. धाकटीला मागच्या खोलीत ठेवायचं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींच्या ताटल्या ठेवायच्या. एक फडकं धाकटीच्या अंगावर घासून थोरलीजवळ ठेवायचं आणि थोरलीचं धाकटीजवळ, म्हणजे माणूस दिसण्याआधी त्याच्या वासाची सवय होते. (माणूस नव्हे, मांजर.) आणि थोरली कपाटावर असेल तर वर बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, नुसतं ताट वाढून ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ती उतरते.

मागची खोली म्हणजे तुझीच. तिथं आता कापडाचे गठ्ठे छतापर्यंत आहेत, मांजराच्या पिल्लापुरती जागा कशीबशी निघाली. दोन माणसांना तिथं राहता येईल असं कुणी समजत असेल तर ते त्यानं मनातून काढून टाकावं.

फडक्यांची माझ्या घरात काय वानवा! करड्या अस्तराचा एक तुकडा घेतला, बॉबिनला पुसून काढलं आणि कपाटावर ठेवला. बाईसाहेबांनी तो पंजानं खाली ढकलला. मी पुन्हा ठेवला, त्यांनी पुन्हा ढकलला. शुक्रवारी रात्री त्यांनी तो ठेवून घेतला, चार घास खाल्ले आणि त्यावर हनुवटी टेकून झोपल्या. शनिवारी सकाळी तुकडा पुन्हा खाली पडला, टेबलावर, इतर करड्या तुकड्यांत. आणि त्या टेबलावर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा करडा कोट होता.

त्या बाई तुला आठवतात ना, ज्यांना बघून पालकसुद्धा शर्टाची वरची बटणं लावतात? त्या ट्रायलला आल्या. हात पसरून आरशापुढे उभ्या, मी खाली बसून घेराला टाचण्या लावतेय, तोंडात सात टाचण्या. इतक्यात धप्प! बाईसाहेब कपाटावरून उतरल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा! सरळ चालत आल्या, मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या खिशात डोकं घातलं. घुरघुर अशी की मशीन परवडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की खिशाला मी कुठलं अस्तर लावलं होतं. डोळे पांढरे झाले. टाचण्यांमुळे ओरडताही येईना.

बाई हात पसरूनच उभ्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ही कुणाकडे जात नाही ना?’ मी टाचण्या काढून म्हटलं, ‘कुणाकडेच नाही.’ त्या म्हणाल्या, ‘तेवीस वर्षं शाळेत आहे. माझ्याकडे आपणहून कुणी आलेलं नाही.’ आणि ठोंब्या, त्यांचे डोळे भरले. आता कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, हा तुमचा नव्हे, खिशाचा गुण आहे? मी चहा टाकला. त्या गडबडीत मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं.

बॉबिन आली ती तीरासारखी. मी डोळे मिटून घेतले. एक फिसकारणं ऐकू आलं, एक थप्पड ऐकू आली, मग काहीच नाही. डोळे उघडले तर बाईसाहेब खिसा हुंगतायत, मग पिल्लू हुंगतायत, पुन्हा खिसा, पुन्हा पिल्लू, मी कापडाला दोरा लावून रंग जुळतो का बघते तशा. मग त्या ताटलीपाशी गेल्या आणि सगळी मासळी खाल्ली. आज सकाळी दोघी तुकड्यांच्या टोपलीत होत्या. बाईसाहेब बॉबिनचा कान चाटत होत्या. चाटून झाल्यावर एक थप्पड दिली, म्हणजे तब्येत सुधारली आहे.

एवढंच सांगायचं होतं. तुझ्यावरचा राग कायम आहे. कळावे,

तुझी ताई

ता. क. मुख्याध्यापिकाबाईंना खिशाचं कधी सांगू नकोस. रोज संध्याकाळी येतात. काल कोट घरी ठेवून आल्या होत्या, तरी बाईसाहेब मांडीवर बसल्या. मी तर थक्कच झाले.

ता. क. दोन. कापडाचे गठ्ठे मी पुढच्या खोलीत हलवले. मागच्या खिडकीचं बिजागर कुरकुरत होतं, त्याला तेल घातलं. पडद्यांना कापड निळं घेतलंय. नाही आवडलं तर तिनं मोकळेपणानं सांगावं.

ता. क. तीन. खरं कामाचं आता लिहिते. तिचा एखादा वापरलेला रुमाल किंवा स्कार्फ ड्रायव्हरबरोबर पाठव. धुऊ नकोस. मी माझ्या खुर्चीवर ठेवीन. सोबत माझा जुना स्वेटर पाठवते आहे, तो तिच्या उशाशी ठेव. आणि खांदा, बाही, उंची यांची मापं नीट घेऊन कळव, शेतं मोजतोस तशी ढोबळ नकोत. पहिले दोन दिवस मी बहुधा कपाटावर असेन. तिला सांग, वर बघू नकोस, हाका मारू नकोस, नुसतं ताट वाढून ठेव. मी उतरते.