लवीनिया नावाची गाडी

इंडियाना, ऑक्टोबर १९११

प्रिय विनी,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. कारखाना बंद झाला, कायमचा. अगं, घाबरू नकोस! घर शाबूत आहे, आपली कामावरची माणसं पलीकडच्या चाकांच्या कारखान्यात लागली आणि तुझे बाबा काल कितीतरी दिवसांनी मागून मागून जेवले. मला तर बाई, सुटल्यासारखं वाटतंय.

चांगलं घोडागाड्यांचं काम होतं आपलं. पण जो तो मोटारी काढायला लागला आणि यांच्याही अंगात आलं. वर गाडीला लाडक्या लेकीचं नाव! पितळी अक्षरांतलं 'लवीनिया' बघून तू आधी नाचलीच होतीस. पण ती मेली गाडी थंडीत सुरू होईना, चढावर दम टाकी. मग काय, चर्चच्या पायरीवरसुद्धा लोकांना दुसरा विषय उरला नाही. "काय हायरम, तुमची लवीनिया पुन्हा रस्त्यात बसली वाटतं!" "लवीनियाला ओढायला दोन खेचरं लागली बरं का!" तू लालबुंद व्हायचीस. नाव बदला म्हणालीस, तर हे म्हणाले, "लोक हसतात म्हणून मी माझ्या पोरीचं नाव पुसू?" तू ट्रंक भरलीस आणि डेटनच्या शाळेत शिकवायला निघून गेलीस. दोन नाताळ तुझी खुर्ची रिकामी राहिली. बापलेक दोघंही हट्टी, मधल्या मध्ये मरण माझं.

गेल्या आठवड्यात डेट्रॉइटहून एक गृहस्थ आला. माझा ॲपल पाय तीनदा वाढून घेतला आणि म्हणाला, "कारखाना मी चालवतो, तुम्हीच मुख्य राहा. गाडीही नवी बनवू. फक्त नाव तेच ठेवू, लोकांच्या तोंडी बसलंय." आता हे हो म्हणणार, असंच वाटलं मला. यांना दुसरं हवं तरी काय होतं! पण यांनी शांतपणे मिशी पुसली. म्हणाले, "यंत्रं घ्या, इमारत घ्या. नाव माझं नाही, माझ्या मुलीचं आहे. तिला न विचारता एकदा वापरलं, तेवढं पुरे." गृहस्थाने टोपी उचलली आणि तो चालता झाला. त्या रात्री मी किती दिवसांनी गाढ झोपले.

काल यांनी उरलेल्या गाड्यांवरची पितळी नावं एकेक करून काढली आणि पिशवीत भरून घरी आणली. मी ती माळ्यावर टाकायला निघाले, तर म्हणाले, "राहू दे. विनी आली की तिच्या हातात देईन." तू येणार कधी, हे विचारायला मात्र त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र मी लिहितेय, त्यांना न सांगता. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये गं. स्टेशनवर बाबा घोडागाडी घेऊन येतील. ढकलावी लागणार नाही.

तुझीच,
आई