जिवंत, पण गप्प

४ जानेवारी
आजपासून मी मेंदूच्या पेशींची वाढपी! अंगात सूज आली की शरीर जी रसायनं सोडतं, ती रोज थेंबभर प्लेटमधल्या पेशींना वाढायची. सहा आठवडे, बिनसुट्टी. पेशींना रविवार कळत नाही. आमच्या सरांनाही.

९ जानेवारी
पेशी ठणठणीत. सर नाराज. "मरत कशा नाहीत या?" — जसं काही मीच चोरून टॉनिक पाजतेय!

१७ जानेवारी
ताईकडे गेले होते. माझी थोरली बहीण, मुलींच्या शाळेत गणिताची बाई. वह्या तपासत होती — एकाच बेरजेवर तीनदा अडकली. केस विंचरलेले नाहीत, गॅसवर दूध उतू गेलेलं. "डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं गं."

कापूस म्हणे! दहा वर्षं संधिवात आहे, सांधे सुजलेले असतात, मान्य. पण तो सांध्यांत असतो, डोक्यात नाही — असं मी, पेशीविदुषी, तिला ऐकवलं. वर आणखी, "तू आळशी झालीयेस, ताई. मुलींना शिकवतेस तरी काय?" भावजींनी मान डोलावली. आमचं दोघांचं एकमत! दुर्मिळ योग.

२ फेब्रुवारी
थेंब. थेंब. थेंब. बोटं दुखतात, पेशी मजेत.

१४ फेब्रुवारी
सहा आठवडे भरले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मेलेली जवळपास एकही नाही. पण फांद्या आखडलेल्या, एकीचा दुसरीशी धागा उरलेला नाही. रसायन न घातलेल्या शेजारच्या प्लेटमध्ये संदेशांचा नुसता बाजार भरलाय. इकडे सामसूम.

सर खूश. "जिवंत आहेत, पण गप्प! वा!"

"हो सर," म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. प्लेट म्हणजे माणूस नव्हे, कळतं मला. अहवालात तसं लिहीनही, ठळक अक्षरांत. पण यांना सहा आठवडे. ताईला दहा वर्षं.

कापूस.

१५ फेब्रुवारी
वाटभर तालीम करत ताईकडे गेले. "माझं चुकलं, ताई. डॉक्टरांना डोक्याचंही सांगू या, मी येते सोबत."

ती हसली. "अगं, तुझं काय चुकलं? मला पटलंच होतं. मुलींचं नुकसान नको, म्हणून त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शाळेनं लगेच घेतलाही."