नथवाल्या मावशीची दुबईत चोरी

पंचवटी, नाशिक

चि. सौ. शुभांगी हिस,
अक्काचा आशीर्वाद. कंबर कशी आहे? दुखतच असेल. कांद्याच्या चाळीत वाकू नको म्हटलं तर ऐकशील तर शपथ! पाहुण्यांना रामराम. मी बरी आहे, फक्त डोकं फिरलंय.

आपला ‘नथवाली मावशी’ मसाला आहे ना, त्याच नावानं आणि पाकिटावरच्या चित्रासकट दुबईतल्या एका भामट्यानं सोशल मीडियावर दुकान मांडलंय. आत नुसतं लाल तिखट! तिथला एक दुकानदार दर महिन्याला माझा शंभर किलो मसाला घेणार होता, तो आता विचारतो, “बाई, खरी मावशी कोणती?” (म्हटलं, शिव्या देईल ती.) दुसऱ्याचा चेहरा लावून धंदा करायचा, मेल्याला लाज कशी नाही?

मी लगेच त्या सोशल मीडियाच्या कंपनीकडे तक्रार केली, आपल्या नावाच्या सरकारी नोंदणीच्या कागदाचा फोटो जोडला. उत्तर आलं, नंबर वाचता येत नाही. कसा येईल? कागद आला त्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवून पूजा केली, कुंकू नेमकं नंबरावर. पुन्हा पाठवला. आठ दिवसांत भामट्याचं पान गायब! मी गल्लीत पेढे वाटले. दुबईला फोन लावला तर दुकानदार म्हणतो, “इथं दिसतंय की! काल नवा व्हिडिओ टाकलाय.” म्हणजे पान फक्त हिंदुस्थानात झाकलं. चोरी चालूच, ज्याच्या घरी झाली त्याला तेवढी दिसू नये अशी सोय!

आपली पल्लवी वकिली शिकायला लागल्यापासून आईलाच अडाणी समजते. म्हणे, “आई, आपली नोंदणी आपल्या देशापुरती. अमेरिकेत आधी कोण विकत होतं ते बघतात, चीनमध्ये आधी अर्ज कुणी केला ते. दुबईत तिथली नोंदणी हवी.” मी म्हटलं, नवरा एकच आणि दर देशात नव्यानं लग्न लावायचं होय गं? तर हसत बसली. शेवटी दुबईचा अर्ज भरला. आता लढणार.

तुझी,
तानुअक्का

ता. क. दुबईचा एजंट म्हणतो, चित्रातल्या बाईची लेखी परवानगी लागेल. ती बाई म्हणजे तुझ्या सासूबाई. तुझ्या लग्नातला फोटो आहे, नथ काय शोभलीय! (माझ्या फोटोत मी भांडायला निघालेली दिसते, मसाला कोण घेईल?) सहा वर्षं विचारायचं राहूनच गेलं. सोबतच्या कागदावर चिमणाबाईंचा अंगठा घे. आधी पोटभर जेवू घाल, मग वाचून दाखव.

आणखी एक. तुमच्याकडे मसाला कायम डब्यातून सुटा का येतो, ते आता कळलं असेलच. उगाच मला चिक्कू म्हणत होतीस.